तीन महिने आणि तीन पिढ्या

परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्या माणसास आपल्या देशात राहू देण्यासाठी पोर्तुगालने 2022 च्या ऑक्टोबरअखेर स्वतंत्र व्हिसा सुरू केला. तेथील किमान वेतनाच्या चौपट प्राप्ती गेल्या तीन महिन्यांच्या हिशेबावरून सिद्ध व्हावी, ही त्याची मुख्य अट. अर्जदाराचा आजा कोठे राहत होता, हे तेथे कोणी विचारीत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नांदणाऱ्या अनेक कुटुंबांना मात्र नेमके तेच सिद्ध करावे लागते.

दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत, हे उघड आहे. तेथे प्रश्न तात्पुरत्या परवान्याचा, येथे वारसांकडे जाणाऱ्या हक्काचा. तरीही एक तत्त्व दोहोंस लागू पडते: शासनाने मागावयाचा पुरावा माणसाजवळ असण्याजोगा असावा.

2006 च्या वनहक्क कायद्याने जमिनीच्या ताब्यासाठी 13 डिसेंबर 2005 ही एकच तारीख सर्वांना लावली. अनुसूचित जमातींना पिढ्यांची अट नाही. परंतु त्याच गावातील ढीवर, कुणबी वा अनुसूचित जातींच्या कुटुंबाने तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावयाचा आहे. पिढी 25 वर्षांची; म्हणजे मागे जावयाचे ते थेट 1930 सालापर्यंत.

त्या वर्षीचा कागद गरिबाच्या पेटीत कोठून असणार? पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 ची. त्यामुळे मतदारयादी तेथवर पोचत नाही, शिधापत्रिका तर नाहीच. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1982 साली त्यातून गडचिरोली वेगळा झाला. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या. दप्तर शोधण्याचा भार मात्र ज्याला ते वाचताही येत नाही त्याच्याच डोक्यावर राहिला. 1930 साली जाणता असलेला माणूस आज शंभरीच्या घरात असेल. दर वर्षी साक्षीदार कमी होत आहेत.

कायदा एवढा निष्ठुर नाही, हेही सांगितले पाहिजे. नियमांत गॅझेटियर, जनगणना, वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हे पुरावे मान्य आहेत. 2012 च्या दुरुस्तीनुसार उपविभागीय व जिल्हा समित्यांना अमुकच कागद हवा असा हट्ट धरता येत नाही. शिवाय तीन पिढ्यांची अट रहिवासाला आहे, त्या विशिष्ट शेताच्या ताब्याला नाही. हा भेद ध्यानी न घेता दावा फेटाळणे म्हणजे कायद्यात नसलेली अट लादणे होय.

यावर उपाय अवघड नाही. चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर 1909 साली प्रसिद्ध झाले. जुनी जमाबंदीची व जनगणनेची दप्तरेही आहेत. त्यांतून गाव जुने असल्याचा पुरावा जिल्हा प्रशासनाने गावोगाव एकदाच काढून ग्रामसभेच्या हाती द्यावा. मग कुटुंबाला केवळ आपले नाते त्या गावाशी जोडावे लागेल, आणि वंशावळ व वृद्धांची साक्ष त्यास पुरेशी ठरेल.

ही केवळ कागदांची चर्चा नव्हे. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला होता. 28 फेब्रुवारीस तो स्थगित झाला. त्या पंधरवड्याने एक गोष्ट दाखवून दिली: अपुऱ्या पुराव्याची किंमत अर्जाने नव्हे, घरादाराने मोजावी लागते.