साथ, संसर्ग आणि स्पर्श

घरांत कोणास ताप आला कीं, “हा संसर्गाचा रोग तर नव्हे ना?” हा प्रश्न प्रथम निघतो. प्रश्न योग्यच आहे. परंतु ‘संसर्ग’ या एका शब्दांत आपण निरनिराळे अर्थ कोंबतों, आणि त्याचें प्रायश्चित्त बिचाऱ्या रोग्यास भोगावें लागतें. यास्तव या खेपेस अशा कांहीं शब्दांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘संसर्ग’ म्हणजे संबंध, सहवास. ‘संक्रमण’ म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणें. ज्या रोगाचे जंतु कोणत्याहि वाटेनें शरीरांत शिरून रोग उत्पन्न करितात व पुढें दुसऱ्याकडे जाऊं शकतात तो संक्रामक; जो रोग्याच्या प्रत्यक्ष स्पर्शानें जडतो तो स्पर्शजन्य. स्पर्शजन्य रोग संक्रामक असतोच. संक्रामक रोग मात्र स्पर्शजन्य असतोच असें नाहीं. हिंवताप घ्या. १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस त्याचे जंतु डासाच्या पोटांत आढळले. तेव्हां भय डासाचें. रोग्याच्या उशाशीं बसण्याचें नव्हे. पटकीची वाट दूषित पाण्याची व अन्नाची, तर गोवराची हवेची. सुश्रुतानेंहि निदानस्थानांत निःश्वास, सहभोजन, शय्या, वस्त्रें अशा वाटा निरनिराळ्या सांगून त्यांनीं जडणाऱ्या रोगांस ‘औपसर्गिक’ म्हटलें आहे.

आतां ‘साथ’. एखाद्या प्रदेशांत जो रोग नेहमींच वास करून असतो तो प्रदेशनिष्ठ. तो एकाएकीं नेहमींपेक्षां फार अधिक लोकांस होऊं लागला म्हणजे साथ. ती अनेक देशांत पसरली म्हणजे महासाथ. जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडास ११ मार्च २०२० रोजीं हें नांव दिलें. हे शब्द रोगाचा विस्तार सांगतात, तीव्रता नव्हे.

जंतु शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसूं लागेपर्यंतचा काळ तो अधिशयनकाल. कांजिण्यांत तो सामान्यतः दहा ते एकवीस दिवसांचा असतो. रोग्यास निराळें ठेवणें तें विलगीकरण. रोग्याशीं संबंध आलेल्या, पण निरोगी दिसणाऱ्या माणसास हा काळ संपेपर्यंत दूर ठेवणें तें क्वारंटाइन. या शब्दाचें मूळ इटालियन भाषेंतील ‘चाळीस’ या अंकांत आहे. पूर्वीं जहाजांस बंदराबाहेर तितके दिवस थांबवीत. दोहोंसहि मुदत आहे, हें विसरूं नये.

मुदत विसरल्यानें काय अनर्थ होतो तें कुष्ठरोगांत दिसतें. ‘महारोग’ या नांवानेंच आपण त्या रोग्यास कायमचा घराबाहेर काढिला. नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं त्याचा जंतु शोधला. औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ व निकट सहवासानेंच तो पसरतो. हस्तांदोलनानें किंवा एका पंक्तीस जेवल्यानें नव्हे. औषध सुरू झाल्यावर रोगी लौकरच इतरांस निर्धोक होतो. असें असतां पूर्ण बऱ्या झालेल्या सुनेचें ताट जन्मभर निराळें ठेवणें यास वैद्यकाचा आधार नाहीं; सोंवळ्याचें नांव देऊनहि तें शास्त्र होत नाहीं.

म्हणून वडील मंडळींस आमची सूचना एवढीच कीं, डॉक्टर घरीं आले म्हणजे “संसर्ग आहे काय?” एवढेंच विचारून थांबूं नये. “जंतु कोणत्या वाटेनें जातो, आणि किती दिवस?” असें विचारावें. वाट कळली म्हणजे ती बंद करावी, आणि मुदत सरली म्हणजे माणसास पुन्हां पंक्तीस घ्यावें.