आवाज चढल्यावरच?

बेहजाद खंबाटा यांचा ‘अ थर्सडे’ हा हिंदी चित्रपट १७ फेब्रुवारी २०२२ रोजी थेट ओटीटीवर आला, त्यामुळे आपण तो घरीच, चहा पीत पाहिला. मुंबईतल्या बालवाडीची शिक्षिका नैना १६ मुलांना ओलीस धरते. आधी पाच कोटी मागते, मग पंतप्रधानांशीच बोलायचे म्हणते. यामी गौतमच्या कामाची वाखाणणी झाली. अतुल कुलकर्णींचा पोलीस अधिकारीही आपल्याकडे आवडला. नावामुळे २००८ च्या ‘अ वेन्स्डे’शी तुलना होणारच होती, तीही झाली. शेवटी भाषणबाजी फार, अशी कुरकुरही ऐकू आली.

आमच्या घरी मात्र वेगळाच वाद रंगला. नैनावर शाळकरी वयात अत्याचार झाला होता आणि तिला न्याय मिळाला नव्हता, हे कळताच सूनबाई म्हणाली, “बरोबरच केलं तिनं.” सौ. म्हणाली, “अन् त्या लेकरांनी काय केलं होतं वं?” यावर कुणाजवळच उत्तर नव्हते.

पुढे ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसाने डांबून ठेवले. आपल्या कामाचे पैसे सरकारने थकवले, असे त्याचे म्हणणे होते. मुले सुखरूप सुटली. पोलिसांच्या गोळीबारात त्याचा मृत्यू झाला. सौ.चा प्रश्न मला त्या रात्री पुन्हा आठवला.

चित्रपट पाहून माणसे बिघडतात, असे मी म्हणणार नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत पेरणीच्या तोंडावर, पीककर्जासाठी चार खेपा घातलेला एक शेतकरी पाचव्यांदा आला आणि माझ्या टेबलावर हात आपटून ओरडला. त्याचे काम मी अर्ध्या तासात केले. त्याच बाकावर एक म्हातारा सातबारा हातात धरून मुकाट बसला होता. त्याला म्हणालो, “काकाजी, सोमवारी या.” तो उठला आणि गेला. ओरडल्याशिवाय काम होत नाही, हा धडा त्या दोघांनाही मीच दिला.

मुकाट उठून जाणाऱ्यांपैकी कित्येकांचे पुढे काय होते, हे यवतमाळकरांना सांगायला नको. ते कुणाला ओलीस धरत नाहीत. शिक्षा स्वतःलाच करून घेतात. त्यांच्यावर थरारपट निघत नाहीत.

म्हणून नैनासाठी माझ्या टाळ्या वाजत नाहीत. तिच्या न्यायाची किंमत त्या लेकरांच्या भीतीने चुकवली. मात्र टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट जरूर पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर मुकाट बसलेल्याची फाईल आधी उघडावी. मी ती उघडली नव्हती.