ग्रिप बदलण्याआधी बोटं मोजा

"डॉक्टर, गाडीची ग्रिप बदलली तर हाताच्या मुंग्या जातील का?" हा प्रश्न मला हल्ली वरचेवर ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा ग्रिप आधीच बदलून आलेला असतो. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून जाड, मऊ, जेलवाली जोडी घेतलेली असते, दुकानाबाहेरच्या पोराने पाच मिनिटांत ती चढवून दिलेली असते आणि महिन्याभराने मुंग्या तिथल्या तिथेच असतात. मग माझ्याकडे येणं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्रिप बदलायला माझी अजिबात हरकत नाही. चांगली ग्रिप हाताला खरोखर आराम देते. पण ती औषध म्हणून घेऊ नका, जितकी जाड तितकी चांगली असं समजू नका, आणि ती कशी बसवली जाते आहे ते स्वतः उभं राहून पाहा. यातली शेवटची गोष्ट मेकॅनिकची आहे असं तुम्हाला वाटेल, पण रस्त्यात ग्रिप हातात निघून आली की पुढचं सगळं आमच्याच खात्यात येतं.

आता तुमचा हात समोर धरा. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? "सगळ्याच हाताला" हे उत्तर मला चालत नाही, नीट आठवून सांगा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर मनगटातून जाणाऱ्या मीडियन नावाच्या मज्जातंतूवर दाब येतो आहे असा संशय घ्यायचा. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. यात रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू असेल, तर तो अल्नर मज्जातंतू. तो कोपरापाशी दबू शकतो किंवा तळहाताच्या टाचेपाशी. पुढे झुकून हँडलवर भार टाकणाऱ्यांना हा दुसरा त्रास होतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये तो इतका ओळखीचा आहे की इंग्रजीत त्याला हँडलबार पाल्सी असंच नाव पडलं आहे.

घरी करण्यासारखी एक साधी तपासणी आहे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, म्हणजे उलटा नमस्कार. मिनिटभर तसेच धरा. अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या आल्या तर पहिल्या प्रकारचा संशय वाढतो. नाही आल्या म्हणजे काहीच नाही, असं मात्र समजू नका.

हे सगळं विचारण्याचं कारण असं, की मुंग्यांचा दोष दरवेळी गाडीचा नसतो. कार्पल टनेलच्या मागे मधुमेह असू शकतो, थायरॉइड कमी पडलेलं असू शकतं, गरोदरपण असू शकतं. मानेच्या मणक्यात मज्जातंतू दबला तरी मुंग्या बोटांपर्यंत उतरतात. शाकाहारी मंडळींमध्ये बी-१२ ची कमतरता मला सतत सापडते, पण त्यात पायांनाही मुंग्या असतात आणि पाय काही ग्रिप धरत नाहीत! आणखी एक आजार आपण विसरत चाललो आहोत, तो म्हणजे कुष्ठरोग. तो संपलेला नाही. करंगळी बधिर, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते, अंगावर कुठेतरी स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा आहे, असं असेल तर लाजू नका. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि लवकर सुरू केली तर हात वाचतो. अशा माणसाने तीन वेळा ग्रिप बदलण्यात सहा महिने घालवले तर ते सहा महिने परत मिळत नाहीत.

आणि हो, एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर गाडीचा विषयच काढू नका. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, आणि तेही स्वतः गाडी न चालवता.

समजा यातलं काही नाही. फक्त गाडी चालवल्यावरच मुंग्या येतात आणि उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जातात. मग गाडीचं ऐकायला हरकत नाही.

गाडी हाताला दोन तऱ्हेने त्रास देते. एक म्हणजे कंप. कंपाने हात बिघडतात हे वैद्यकशास्त्राला शंभरहून अधिक वर्षं माहीत आहे. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेवर चालणारी छिन्नी वापरणाऱ्या पाथरवटांचे हात तपासले, तेव्हा थंडीत त्यांची बोटं पांढरी फटक पडत आणि बधिर होत. पुढे जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांच्या बोटांतही हाच प्रकार दिसला. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी मर्यादाच घालून दिली. आठ तासांच्या हिशेबाने हाताला बसणारा कंप २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाला की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे दिवसाला दहा-दहा तास गाडीवर असणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाच्या हाताला किती कंप बसतो, ते मोजतं कोण?

इथे मऊ ग्रिपचं एक गुपित सांगतो. इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ होतात, म्हणजे मुख्य कंप साधारण ७५ हर्ट्‌झचा. फोम आणि जेल बारीक, वेगवान कंप चांगला शोषतात, पण या जाडजूड कंपापुढे त्यांचा फारसा इलाज चालत नाही. हँडलच्या टोकाला कंपनीने जी वजनं बसवलेली असतात, ती याच कामासाठी असतात. नवी ग्रिप बसवताना ती काढून "आता गरज नाही" म्हणून डिक्कीत टाकली जातात आणि मुंग्या वाढतात. ती परत बसवा. कंप अलीकडेच वाढला असेल तर इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट, चेन आणि चाकाचा बॅलन्स आधी पाहून घ्या.

दुसरा त्रास म्हणजे आवळणं. हात जितका जोरात आवळाल तितका कंप अधिक आत शिरतो, आणि आवळलेल्या मुठीत मनगटातल्या बोगद्यावरचा दाबही वाढतो. जाड ग्रिपवर माझा राग आहे तो याचसाठी. मूठ पूर्ण मिटत नसेल तर ग्रिप धरून ठेवायला जास्त जोर लागतो. त्यावर जाड हातमोजे चढवले की आणखी. शिवाय ग्रिप जाड झाली की बोटं क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचायला जास्त ताणावी लागतात. लहान हाताच्या माणसाने, आणि आपल्याकडे बऱ्याच स्त्रियांचे हात लहान असतात, जाड ग्रिप घेऊन ट्रॅफिकमध्ये क्लच ओढत राहिलं की महिनाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होतं. दुकानात ग्रिप धरून पाहा. बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाजवळ आरामात यायला हवीत. हात मोठा असेल तर जाड घ्या, नाहीतर मध्यम जाडीची, न घसरणारी पुरे. ग्रिप घसरत नसली की आवळावं लागत नाही, मऊपणापेक्षा हा गुण मी वर ठेवतो.

पण त्याही आधी एक फुकटची गोष्ट करून पाहा. गाडीवर नेहमीसारखे बसा, हात हँडलवर ठेवा, दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येते आहे का? बहुतेक गाड्यांवर लिव्हर वर असते आणि ती धरायला मनगट मागे मोडावं लागतं. त्यात रेस धरून ठेवायची म्हणजे उजवं मनगट आणखी खाली पडतं. असं मागे मोडलेलं मनगट तासभर राहिलं की मीडियन मज्जातंतूची कोंडी होणारच. लिव्हरचे बोल्ट सैल करून ती थोडी खाली फिरवायला आणि परत घट्ट करायला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे आधी करायला सांगतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मग ग्रिपची आठवणही येत नाही.

तरीही बदलायची असेल तर बदला, पण नीट बसवा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं असतं. उजवीकडे त्यावर थ्रॉटलची प्लॅस्टिकची नळी असते, म्हणून उजवी ग्रिप आतून थोडी मोठी असते. डावी-उजवी उलटसुलट झाली तर एक चढत नाही आणि दुसरी फिरते. जुनी ग्रिप काढायला लोक ब्लेड चालवतात. ब्लेड स्वतःपासून दूर ओढायचं आणि दुसरा हात पुढे ठेवायचा नाही. तळहातावर खोल चिरलेली जखम शिवणं सोपं असतं, पण आतला स्नायुबंध किंवा मज्जातंतू तुटला तर मामला प्लास्टिक सर्जनकडे जातो. कॉम्प्रेसरची हवा मारून ग्रिप सोडवत असाल तर ती नळी हाताच्या कातडीला कधीही टेकवू नका. दाबाची हवा बारीक जखमेतूनही आत शिरते.

बसवताना तेल, ग्रीस, तोंडाला येईल तो स्प्रे, हे काही नको. ग्रिप सटकन आत जाते खरी, पण तशीच सटकन बाहेरही येते. पेट्रोल लावायची पद्धत आहे, तीही मला नको, गरम इंजिनाशेजारी पेट्रोलचं भांडं कशाला? हँडल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (आमच्या ड्रेसिंगच्या टेबलावरही हेच असतं), पूर्ण वाळू द्या आणि ग्रिपसाठीच मिळणारा डिंक लावा. झटपट चिकटणारा डिंक टाळा, ग्रिप अर्ध्यावर असतानाच तो धरतो. उजवीकडे डिंक जपून लावायचा, कारण तो ओघळून नळी आणि हँडलच्या मध्ये गेला तर रेस अडकते. त्याच कारणासाठी ग्रिपची कड स्विचच्या डब्याला टेकता कामा नये आणि बाहेरचं टोक वजनाला घासता कामा नये. दोन्हीकडे एक-दोन मिलिमीटर फट हवी. डिंकाला एक रात्र द्या. "लगेच घेऊन जा साहेब" असं कोणी म्हणालं तर रिक्षाने घरी जा.

मग इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि प्रत्येक ठिकाणी रेस पूर्ण देऊन सोडा. ती आपसूक टकदिशी परत यायला हवी. नंतर न्यूट्रलवर इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना फिरवा, आवाज वाढता कामा नये. शेवटी हात ओले करून डावी ग्रिप जोरात पिळून पाहा. जागची हलली तर काम पुन्हा करायचं. जुन्या ग्रिपवरच चढवायची फोमची कव्हरं मिळतात, त्यांतली बरीचशी या परीक्षेत नापास होतात. ती मी कोणालाच सुचवत नाही.

रेसवर तळहात टेकवायचं एक प्लॅस्टिकचं पान मिळतं, मनगटाला आराम म्हणून. मोकळ्या महामार्गावर त्याचा उपयोग होतो. शहरात नको. अचानक ब्रेक दाबायला हात पुढे जातो तेव्हा तळहाताने तेच पान दाबलं जातं आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे उडी मारते. लडाखला जाणारे गरम होणाऱ्या ग्रिप बसवतात. ज्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात त्यांना त्या चांगल्या. पण मधुमेहाने हाताची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही, म्हणून त्यांनी कमी तापमानावरच वापराव्यात.

एवढं करून तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, रात्री जाग येत राहिली, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर थांबू नका. साखर, थायरॉइड, बी-१२ आणि गरज पडल्यास मज्जातंतूंची तपासणी करावी लागते. येताना कोणत्या बोटांना, किती वेळ, दिवसा की रात्री, हे कागदावर लिहून आणा. आणि हात चालवण्याजोगा असेल तर गाडीवरच या, मी खाली येऊन तुम्ही हँडल कसं धरता ते पाहतो.