घाम तोच, भाव वेगळा

मंडळी, "कष्ट करा, यश मिळतंच" हे वाक्य एकदा वाशीमच्या बाजार समितीत उभं राहून म्हणून दाखवाच!

2021 च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या आसपास गेलं. पण आमच्या काकांनी माल दिवाळीलाच विकलेला. 2024 मध्ये हमीभाव 4,892 रुपये, आणि बाजारात तेवढेही मिळेनात. काकांचा घाम दोन्ही वर्षी तेवढाच.

मी पुण्यात एसीत बसून कोड लिहितो. कोड चुकला तरी पगार वेळेवर जमा. तरी 'मेहनती' मीच!

कष्टाशिवाय यश नाही, मान्य. पण यश नाही म्हणजे कष्टच नाहीत, हे कुठलं लॉजिक राजेहो? माझ्या प्रोग्रॅममध्ये असलं लॉजिक चालत नाही.