यंत्र स्वस्त झाले, शल्यचिकित्सक कुठे आहे?

वस्तू व सेवा कराच्या सुधारित दररचनेत शस्त्रक्रियेची साधने व वैद्यकीय उपकरणे यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी बहुतांश उपकरणांवर तो १२ टक्के होता. रक्तस्राव थांबवणारी व ऊती कापणारी, रुग्णालयांत ‘कॉटरी’ या एकाच नावाने ओळखली जाणारी विद्युत उपकरणेही याच वर्गातली. या सवलतीचे स्वागतच व्हायला हवे. मात्र तिचा लाभ कुठवर पोहोचतो, हे महानगरातील रुग्णालयांच्या खरेदीवरून ठरणार नाही. ते ठरेल लामतासारख्या गावांत.

लामता हे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील, बालाघाट ते नैनपूर रेल्वेमार्गावरचे गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. सीमा बदलली तरी रुग्णांच्या वाटा बदलल्या नाहीत. दुखणे बळावले की आजही बालाघाटकडील अनेक कुटुंबे गोंदिया किंवा नागपूर गाठतात. गोमंतकीयांना हे चित्र नवे नाही. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचे रुग्ण असेच बांबोळीला येतात. परराज्यातील रुग्णांना शुल्क लावण्याच्या गोव्याच्या निर्णयावरून २०१८ मध्ये दोडामार्गात आंदोलनही झाले होते.

या उपकरणांचा इतिहास शंभर वर्षांचा होत आला आहे. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग या मेंदूशल्यविशारदाने विल्यम बोव्ही यांनी घडवलेले यंत्र प्रथम वापरले. काही दिवसांपूर्वी अतिरक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागलेली गाठ त्या दिवशी काढता आली. तत्त्व सोपे आहे. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते व स्नायूंना झटका देते. या यंत्रातील वीज काही लाख आवर्तने करते. इतक्या वेगाला मज्जातंतू व स्नायू प्रतिसाद देत नाहीत, पण टोकाशी एकवटलेल्या उष्णतेने ऊती कापली जाते वा रक्त गोठते. ही वीज परत नेण्यासाठी रुग्णाच्या मांडीला पट्टी लावावी लागते. ती नीट चिकटली नाही तर त्वचा भाजते. ‘बायपोलर’ चिमट्यात वीज दोन टोकांमध्येच फिरत असल्याने हा धोका टळतो.

पुढे १९९० च्या दशकात दोन नव्या पिढ्या आल्या. स्वनातीत कंपनांचे साधन सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा थरथरून ऊती कापते व बंदही करते. दुसरे साधन दाब व वीज एकत्र वापरून ७ मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिनीच्या भिंती एकमेकींत वितळवून सांधते. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांत त्यांचे मोल मोठे आहे. त्यांचा खरा खर्च यंत्रात नसून दर वेळी लागणाऱ्या हत्यारात आहे. एकदाच वापरण्यासाठी बनवलेले हे हत्यार आपल्याकडे अनेक रुग्णालयांत निर्जंतुक करून पुन्हा वापरले जाते, ते परवडत नाही म्हणूनच.

मग ग्रामीण रुग्णालयाला काय हवे? बहुतेक नेहमीच्या शस्त्रक्रियांना साधे विद्युतयंत्र, एक बायपोलर चिमटा आणि गाठ मारता येणारा हात पुरेसा असतो. धाग्याने बांधलेली रक्तवाहिनी यंत्राइतकीच भरवशाची असते. त्याबरोबर स्थिर वीजपुरवठा, पट्टी व तारांची नियमित तपासणी आणि बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा तंत्रज्ञ हवा. खरेदीच्या निविदेत यंत्राची किंमत दिसते, देखभालीची तरतूद मात्र बऱ्याचदा दिसत नाही.

खरी उणीव मात्र याहून खोल आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची ८३ टक्के, तर स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची ७४ टक्के कमतरता होती. जिथे हे यंत्र हाती धरणाराच नाही, तिथे कर ५ टक्के असो वा शून्य, रुग्णाला फरक पडत नाही.

बालाघाट व शेजारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गुंतागुंत आहे, ती सिकलसेलची. या आजारात रक्तातील हिमोग्लोबिन मुळातच कमी असते. शस्त्रक्रियेत पडणारी थंडी, पाण्याची वा प्राणवायूची कमतरता यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. इतरांना सोसवेल एवढा रक्तस्राव अशा रुग्णाला सोसवत नाही. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. तपासणीत आढळलेल्या रुग्णावर उद्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर रक्त जपणारे साधन आणि जवळ रक्तसाठा, दोन्ही हवेत. अभियानाची ही पुढची पायरी दुर्लक्षित राहता कामा नये.

यंत्राची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन न पावल्याने होणारा रक्तस्राव कोणत्याही विद्युत हत्याराने थांबत नाही. तिथे ऑक्सिटोसिन, गर्भाशयाचे मर्दन, पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि वेळेवर रक्त हेच उपाय. ग्रामीण भागात स्त्रियांचे प्राण घेणाऱ्या रक्तस्रावाचे हे एक प्रमुख कारण आहे, आणि त्यावरील औषधे या यंत्रांपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

म्हणून करसवलतीचे यश विकल्या गेलेल्या यंत्रांवर मोजू नये. सरकारांनी तीन गोष्टी एकत्र बांधायला हव्यात: खरेदीबरोबर देखभालीचा करार, सामुदायिक केंद्राजवळ रक्तसाठा, आणि तिथे टिकून राहील असा शल्यचिकित्सक. तोवर आयुष्मान योजनेचे कार्ड देशभर चालते, हा दिलासा आहेच. पण कार्ड रुग्णालयाच्या दारात उपयोगी पडते, वाटेत वाहणारे रक्त ते थांबवत नाही. गोव्याच्या टोकावरील रुग्ण दीड-दोन तासांत बांबोळीला पोहोचू शकतो. लामतातील बाळंतिणीला मात्र आधी बालाघाट, मग कदाचित गोंदिया आणि तिथूनही नागपूर अशी वाट धरावी लागू शकते. ही वाट तोडण्याचे काम यंत्रावरील कर कमी करण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते अजून पुढेच आहे.