आराखडा कोणाच्या हातात?

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाल्याला पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबण्यासाठी ब्रिटिशांनी आखलेली ही वसाहत. भोवती तारेचे कुंपण, आत रोजची हजेरी, बाहेर पडायचे तर पास. १८७१ मध्ये आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट ‘विमुक्त’ झाले. या समाजांतील मुले आता महाविद्यालयांची पायरी चढत आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने केगावच्या आवारात आदिवासी, विमुक्त आणि भटक्या विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र उभारावे. मात्र त्याचा आराखडा त्यांना विचारल्याशिवाय आखू नये. तसे सेटलमेंटच्या वेळी एकदा होऊन गेले आहे.

अशा केंद्रांचा सरकारी रिवाज ठरलेला आहे. भूमिपूजन, वातानुकूलित सभागृह, दर्शनी भिंतीवर वारली चित्रे आणि काचेआड पुतळे. वारली चित्रे डहाणू-पालघरकडची. सोलापूरच्या फासेपारध्याचा त्यांच्याशी संबंध काय? धनगरांच्या गजीनृत्याला व्यासपीठ नव्हे, मोकळे रिंगण लागते. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्यांना चार दिवस राहता येईल अशी खोली हवी, चूल हवी, सोलापूरच्या उन्हाळ्यात टेकायला सावलीचा ओटा हवा. कैकाडी बोलीचे नाते द्राविडी भाषांशी, पारधी बोलीचे गुजरातीशी. या बोली आज्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित व्हाव्यात. पण त्या कोणाला ऐकवायच्या, हे त्या-त्या समाजाने ठरवावे.

याच इमारतीत एक टेबल कागदपत्रांचेही असावे. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पालावर जन्मलेल्या आजोबांचा कागद नातवाने आणायचा कुठून? दाखल्यावाचून शिष्यवृत्ती अडली की मुलगा घरी परततो. मग सांस्कृतिक केंद्रात जायचे कोणी?

‘वेगळी इमारत म्हणजे पुन्हा वेगळी वस्ती’ हा आक्षेप येईलच. पण सेटलमेंटची किल्ली अधिकाऱ्याकडे होती. इथे ती विद्यार्थ्यांकडे असेल आणि बाकीचे पाहुणे म्हणून येतील. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात तिथल्या मूलनिवासी माओरींचे सभागृह १९८८ पासून आहे, कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तिथल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांचे ‘लाँगहाउस’ १९९३ पासून. त्याने ती विद्यापीठे दुभंगली नाहीत. इतके लांब जायचे नसेल, तर भाषा-अभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने गुजरातेत तेजगढला उभी राहिलेली आदिवासी अकादमी पाहून यावी.

तेव्हा विद्यापीठाने आधी समिती नेमावी. तीत विद्यार्थी आणि समाजातील जाणत्यांचे बहुमत असावे, नकाशावर शेवटची सही त्यांची असावी आणि दरवर्षीच्या खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात दिसावी. निविदा त्यानंतर काढावी.