वृक्षभक्ति आणि सृष्टिज्ञान

दरवर्षीं मृगाच्या सरी पडूं लागल्या म्हणजे आमच्या महाराष्ट्रांत वृक्षारोपणाचा महोत्सव सुरू होतो. मंत्र्यांपासून शाळेंतील मुलांपर्यंत सर्वांच्या हातीं रोपें दिलीं जातात, तुकोबांच्या एका सुप्रसिद्ध चरणाचें पठण होतें, छायाचित्रें निघतात आणि दुसरे दिवशीं वर्तमानपत्रांत आंकडे झळकतात. सन २०१६ च्या १ जुलै रोजीं राज्य सरकारनें एका दिवसांत २ कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला. पुढें तोच संकल्प २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि असा वाढत गेला. झाडांची संख्या अशी देवांच्या संख्येस येऊन भिडल्यावर त्यांच्याविषयीं कांहीं विचारणें हा नास्तिकपणा ठरावा, यांत नवल नाहीं. अशा सत्कार्याविरुद्ध लेखणी उचलणें म्हणजे लोकक्षोभ ओढवून घेणें होय, हें आम्ही जाणतों. तरीहि तें करणें आम्हांस भाग आहे. कारण या उत्साहाच्या मुळाशीं सृष्टीविषयींचें जें अज्ञान आहे, तें महाराष्ट्राच्या एका विस्तीर्ण भूभागाच्या जिवावर उठलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. झाड ही चांगली वस्तु आहे. परंतु सृष्टीचें आरोग्य झाडांच्या संख्येवरून मोजणें ही ढोबळ चूक आहे, आणि सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेल्या आपल्या माळरानांवर खड्डे खणून दाट झाडी उभी करणें हा निसर्गरक्षणाच्या नांवाखालीं चाललेला निसर्गाचा नाश आहे.

ज्या शास्त्राच्या नांवानें हा सर्व व्यवहार चालतो, तें शास्त्र काय सांगतें तें आधीं पाहूं. जीवमात्रांचे परस्परांशीं व भोंवतालाशीं जे संबंध असतात, त्यांच्या अभ्यासास १८६६ सालीं हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतंत्र नांव दिलें; आपण त्यास परिस्थितिविज्ञान म्हणूं. १९३५ सालीं टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यांत परिसंस्थेची कल्पना मांडली. तिचा आशय असा कीं, एकाद्या जागेंतील वनस्पति, प्राणी, सूक्ष्म जंतु, माती, पाणी व हवा हे सर्व एकाच व्यवस्थेचे घटक आहेत; एकास धक्का लागला कीं तो इतरांस पोंचल्यावांचून राहत नाहीं. या व्यवस्थेंत दोन व्यवहार अखंड चालतात. पहिला शक्तीचा. सूर्याची शक्ति हिरवें पान पकडतें, पान खाणारा ती घेतो, त्यास खाणारा पुढें घेतो. परंतु प्रत्येक पायरीवर तिचा ढोबळ मानानें दहावा हिस्सा तेवढा पुढें सरकतो आणि बाकीची उष्णतेच्या रूपानें निघून जाते. म्हणूनच गवत पुष्कळ, हरणें थोडीं आणि लांडगे अगदीं मोजके असतात. दुसरा व्यवहार द्रव्यांचा. नत्र, स्फुरद, कर्ब हीं द्रव्यें चक्रासारखीं फिरत राहतात. वाळलेलें पान, शेण, हाडें हीं वाळवी, शेणकिडे, बुरशी व जंतु यांच्या हातून पुन्हां मातीस मिळतात आणि मातींतून पुन्हां पानांत चढतात.

या सर्व विवेचनांत झाडावांचून अडलें असें कोठेंहि झालें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. तळें ही परिसंस्था आहे, खाजण आहे, वाळवंट आहे आणि माळहि आहे. कोणत्या जागीं कोणती परिसंस्था नांदावी हें तेथील पाऊस, माती, ऊन, चरणारीं जनावरें आणि वणवा यांनीं मिळून ठरतें. कचेरींत बसून उद्दिष्टाचे आंकडे वाटल्यानें तें ठरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष माळाकडे वळूं. घाट ओलांडून पूर्वेस गेलें कीं पाऊस झपाट्यानें कमी होतो. इंदापूर, बारामती, फलटण, माण, कर्जत, करमाळा या पट्ट्यांत तो वर्षाकांठीं साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटरांच्या आसपास राहतो. आणि उंचवट्यावर तर मुरमावर वीतभरहि माती नसते. अशा जागीं मोठ्या झाडांची गर्दी पोसली जात नाहीं. तेथें मारवेल, पवन्या, कुसळी हीं गवतें राज्य करतात आणि त्यांच्यामधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड हीं विरळ उभीं राहतात. हें गवत वर्षांतील बराच काळ वाळलेलें दिसतें; परंतु त्याचे फुटवे जमिनीलगत सुरक्षित असतात आणि पहिल्या पावसाबरोबर तें पुन्हां वर येतें. चरणें त्यास सोसतें, एकादा वणवाहि सोसतो. दाट सावली मात्र त्यास सोसत नाहीं, कारण रखरखीत उन्हावरच त्याची सारी घडण झालेली आहे.

या गवतावर चिंकारा व काळवीट जगतात, त्यांच्यावर लांडगा जगतो. खोकड, धाविक, चंडोल यांचा संसार याच उघड्यावर चालतो. आणि ज्याच्या नांवांतच माळ आहे त्या माळढोकाविषयीं काय सांगावें? हा अवजड पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो आणि दूरवर नजर पोंचेल तेथेंच निर्धास्त राहतो. त्याच्या भोंवतीं झाडांची भिंत उभी केली म्हणजे त्याची दृष्टि बंद होते आणि शिकारी पक्ष्यांस टेहळणीची जागा मिळते. सालीम अलींनीं ज्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा म्हणून आग्रह धरला, तो हा पक्षी; १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत त्याच्यासाठीं राखीव क्षेत्र जाहीर झालें, तेव्हां त्या उघड्या गवताळ प्रदेशासहि आम्हीं 'अभयारण्य' असेंच म्हटलें! रक्षण करावयाचें तें अरण्याचेंच, ही समजूत आमच्या भाषेंत इतकी खोल रुजली आहे. आज साऱ्या देशांत मोकळ्या रानांत राहणारे माळढोक दोनशेंहून कमी उरले आहेत व ते बहुतेक राजस्थानांत आहेत; सोलापूरच्या माळावर त्याचें दर्शन ही दुर्मिळ गोष्ट झाली आहे.

ही समजूत आली कोठून? आमच्या मतें तिचा उगम महसुलाच्या दप्तरांत आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्यांतील प्रसिद्ध जमीनमोजणीस आरंभ केला तो याच इंदापूर तालुक्यांत. जमिनीची प्रतवारी लावावयाची ती तिच्यांतून सरकारास सारा किती मिळेल यावरून. जेथें नांगर चालत नाहीं तो पोटखराबा, जेथें पीक नाहीं ती पडीक. सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीनें ही विभागणी रास्तच होती. परंतु साऱ्याची वही म्हणजे सृष्टीची वही नव्हे, हें आम्ही विसरलों. स्वराज्य आलें, सारा नाममात्र उरला, तरी 'पडीक' हा शब्द कायम राहिला. १९८५ सालीं राष्ट्रीय पडीक भूमि विकास मंडळ स्थापन झालें. पुढें उपग्रहांच्या चित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे निघाले आणि त्यांत झुडपी माळांची गणना झाली. हरित-पत योजनेचे जे नियम केंद्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत जाहीर केले, त्यांत झुडपी व पडीक जमिनी लागवडीस योग्य ठरवून हेक्टरीं किमान ११०० झाडांचें प्रमाण घातलें होतें. ज्या जमिनीवर हजारों वर्षांची व्यवस्था नांदते आहे, तिला रिकामी ठरविण्यास एक विशेषण पुरलें.

यावर पहिला आक्षेप असा कीं, माळ म्हणजे तोडलेलें जंगल. तेव्हां झाडें लावणें म्हणजे पूर्वस्थिति परत आणणेंच होय. हें कित्येक ठिकाणीं खरें असेल, परंतु सरसकट खरें नाहीं. शिवालिकच्या टेंकड्यांतील प्राचीन मातीवरून असें निष्पन्न झालें आहे कीं, उष्ण प्रदेशांतील गवतांचा भारतांत विस्तार झाला तो सुमारें ७० ते ८० लक्ष वर्षांपूर्वीं, म्हणजे कुऱ्हाड चालविणारा मनुष्य पृथ्वीवर येण्यापूर्वीं. आमच्या मासिकाच्या वाचकांस याहून जवळचा पुरावा हवा असेल तर तोहि आहे. दोन संशोधकांनीं जुन्या मराठी पोथ्या, चरित्रें व ओव्या चाळून त्यांत आलेल्या वनस्पतींची नोंद केली आणि पश्चिम महाराष्ट्रांतील माळरानें निदान साडेसातशें वर्षांचीं जुनीं आहेत असा निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध केला. महानुभावांच्या काळापासून ज्या माळाची साक्ष आमच्या वाङ्मयांत पडून होती, ती वाचण्याचें आम्हां वाङ्मयसेवकांस सुचलें नाहीं; तें वनस्पतींच्या अभ्यासकांस सुचलें. या प्रदेशांतील गांवांचीं नांवेंच पाहा ना! हिवरें, बोरगांव, बाभुळगांव. हीं दाट अरण्याचीं नांवें नव्हेत.

दुसरा आक्षेप पावसाचा. झाडें लावलीं कीं पाऊस येतो, असें मुलांस शिकविण्यांत येतें. विस्तीर्ण अरण्यें हवेंतील ओलाव्यास साह्य करतात हें खरें. परंतु माण तालुक्यांत पाऊस कमी पडतो तो समुद्राकडून येणारे वारे सह्याद्रीवर रिते होतात म्हणून, आणि शंभर एकरांत खड्डे खणल्यानें सह्याद्रि कांहीं बाजूस सरत नाहीं. उलट, गवताच्या जागीं दाट झाडी आली कीं ती खालचें पाणी अधिक ओढते आणि ओढे लवकर आटतात, असें निरनिराळ्या देशांतील मोजण्यांवरून दिसून आलें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें तर १९९५ पासून परकी झाडें तोडण्याचीच मोहीम हातीं घेतली, ती पाणी वांचविण्यासाठीं.

तिसरा आक्षेप कर्बाचा व मातीचा. झाड हवेंतील कर्ब शोषतें. परंतु गवतहि शोषतें, आणि त्यांतील मोठा भाग तें मुळांच्या द्वारें मातींत ठेवतें. झाड जळालें कीं त्याच्या लांकडांतील कर्ब हवेंत परत जातो. गवत जळालें तरी जमिनींतील सांठा बव्हंशीं शाबूत राहतो. माती धरून ठेवण्याविषयीं म्हणाल, तर गवताच्या मुळांचें जाळें हीच माळाची चामडी आहे. सलग समतल चर खणण्यासाठीं यंत्रें लावून ती सोलून काढावयाची आणि मग धूप थांबविल्याचें श्रेय घ्यावयाचें, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

परिणाम काय होतो तें पाहावयास शेजारच्या गुजरातेंत जावें. कच्छांतील बन्नी हा एके काळीं आशियांतील नांवाजलेल्या गवताळ प्रदेशांपैकीं एक. तेथें खारटपणा आवरण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत विलायती बाभळीची लागवड झाली. हेतु उत्तम होता. ती बाभूळ पसरत गेली आणि तिनें बन्नीचा फार मोठा भाग व्यापून टाकला. ज्या गवतावर मालधारी लोकांच्या म्हशी पोसल्या जात, तेंच मागें हटलें. तेथील लोक तिला 'गांडो बावळ' म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. आमच्याकडे लागवडींत ज्यांचा भरणा फार झाला, तीं गिरिपुष्प व सुबाभूळहि अशींच परदेशचीं, मेक्सिको व मध्य अमेरिका इकडलीं. तीं लवकर वाढतात व अहवालांत हिरवीं दिसतात, हा त्यांचा मुख्य गुण.

आणि या सर्वांत मनुष्य कोठें आहे? तो मेंढरांच्या मागें आहे. धनगर हा माळाच्या परिसंस्थेचा शेंकडों वर्षांचा घटक आहे. त्याचीं मेंढरें माळावरचें गवत खातात, रात्रीं शेतकऱ्याच्या रानांत बसविलीं जातात आणि माळावरची सुपीकता लेंडीखताच्या रूपानें शेतांत नेऊन टाकतात. वर ज्या द्रव्यचक्राचें वर्णन केलें, तें असें त्याच्या काठीच्या इशाऱ्यानें फिरत असतें. माळावर लागवड झाली कीं पहिलें कुंपण पडतें व पहिली बंदी होते ती चराईची. मग पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनें कळप गेला, त्याच वाटेवर धनगर गुन्हेगार ठरतो. एक मेंढरूं रोपास तोंड लावतें तेव्हां दंड कोणास होतो, हें आमच्या वृक्षभक्तांनीं एकदां त्या वाड्यांवर जाऊन विचारावें.

आम्ही झाडांचे वैरी आहों, असा ग्रह मात्र कोणीं करून घेऊं नये. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जेथें खरोखर जंगल तुटलें, तेथें तें पुन्हां वाढूं द्यावें; ओढ्याकांठीं, बांधावर, रस्त्याच्या कडेस, शहरांत अवश्य झाडें लावावीं. माळाची स्थिति सर्वत्र उत्तम आहे असेंहि आमचें म्हणणें नाहीं. कित्येक माळ अतिचराईनें उघडे पडले आहेत; परंतु त्यावर उपाय गवताचाच आहे. धनगरांच्या संमतीनें आळीपाळीनें चराई थांबवावी, स्थानिक गवताचें बीं विखरावें, परकी झाडोरा काढावा. या कामास खर्च थोडा लागतो. अडचण एवढीच कीं त्याचें छायाचित्र चांगलें येत नाहीं.

आमची मागणी साधी आहे. सरकारनें सातबाऱ्यावरील व नकाशांवरील 'पडीक' जमिनींची वनस्पतिशास्त्रज्ञांकडून नव्यानें तपासणी करवावी आणि जेथें जिवंत गवताळ प्रदेश आहे तेथें तशी नोंद करावी. ती नोंद होईपर्यंत माळावर एकहि खड्डा पडूं नये. आणि पाठ्यपुस्तकांत निसर्गाचें चित्र काढतांना डोंगर, नदी व झाड यांच्या जोडीस एकदां तरी पिवळें पडलेलें गवत काढावें. कारण आज ज्या मुलास तें ओसाड दिसेल, तोच उद्यां अधिकारी होऊन त्यावर खड्डे खणण्याचा हुकूम काढणार आहे.